न जळणारं इंधन

माझे अब्बा जुने रेडिओ दुरुस्त करायचे. फाटक्या स्पीकरमागची चुंबकाची चकती ते मला खेळायला देत. अशा दोन चकत्या पेन्सिलीत ओवल्या की वरची अधांतरी राही. मी कवितेचा माणूस, पदवी कलाशाखेची. पण उपग्रहांविषयी वाचताना ती चकती एकदम आठवली.

अवकाशात प्रचंड मोठं उपकरण नेणं अवघड. म्हणून त्याचे भाग वेगवेगळ्या उपग्रहांवर बसवायचे आणि त्यांनी ठरलेलं अंतर राखत उडायचं, अशी कल्पना निघाली. ५ डिसेंबर २०२४ रोजी आपल्या पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून युरोपचे ‘प्रोबा-३’ हे दोन उपग्रह नेले. एकाने सूर्य झाकायचा. दुसऱ्याने सुमारे दीडशे मीटर मागे, त्याच्या सावलीत राहून सूर्याचं प्रभामंडळ टिपायचं. २०२५ मध्ये तशी छायाचित्रं मिळालीही. हे अंतर मिलिमीटरच्या हिशेबात सांभाळायला थंड वायूचे बारीक झोत सोडावे लागतात. टाकीतला वायू संपला, की उपकरणं धडधाकट असूनही जोडी मोडते.

यावर अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतील संशोधकांनी या शतकाच्या सुरुवातीला एक वेगळी वाट धरली. प्रत्येक उपग्रहावर तारेचं वेटोळं बसवायचं आणि त्यातून वीज सोडायची. वीज वाहिली की वेटोळ्याचं चुंबक होतं. एका वेटोळ्यातल्या प्रवाहाची दिशा उलटली, की ओढणारे दोघे एकमेकांना ढकलू लागतात. वीज सूर्यप्रकाशातून मिळते, म्हणजे टाकी रिकामी होण्याची भीती नाही. २०१३ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात अशा वेटोळ्यांची चाचणीही झाली.

मग सगळ्याच उपग्रहांवर ही वेटोळी का नाहीत? कारण अंतर दुप्पट झालं की हे बल सोळाव्या हिश्श्यावर येतं. त्यामुळे ही युक्ती जवळच्या सोबत्यांसाठीच. जोर वाढवायला भरपूर वीज लागते. अतिवाहक तार वापरली तर ती अतिशय थंड ठेवावी लागते. शिवाय चुंबक नुसतं ओढत नाही, वळवतंही. उपग्रह भलतीकडे तोंड करू नये म्हणून आत फिरती चाकं लागतात.

आणखी एक मर्यादा तर मूळचीच आहे. चुंबकांनी उपग्रह एकमेकांजवळ येतील, दूर जातील, एकमेकांभोवती फिरतील. पण त्यांच्या आपसांतल्या ओढाताणीने अख्खा जथा दुसऱ्या कक्षेत जाणार नाही. एकाला जेवढा रेटा बसतो, तेवढाच दुसऱ्याला उलट बसतो. गाडीत बसून गाडी ढकलता येत नाही, तसंच हे. कक्षा बदलायची तर झोत हवेतच. ते इंधन त्या एका कामासाठी राखता यावं, एवढाच चुंबकाचा दावा. आणि तो लहान नाही.

लहानपणी मला वाटे, खालची चकती वरचीला फुकटच उचलून धरते. आता कळतं, वरचीचा सगळा भार तिच्यावर येत होता. ती टेबलाला टेकलेली, म्हणून हलत नव्हती. आकाशात टेकायला टेबल नाही.