सैनिकाच्या मनाची राखण

बेळगाव आणि लष्कर यांचा संबंध आम्हा बेळगावकरांना नवा नाही. मराठा लाइट इन्फन्ट्री या रेजिमेंटचे शिक्षणकेंद्र येथे १९२२ पासून आहे. रेजिमेंटचा इतिहास तर थेट १७६८ पर्यंत मागे जातो. एका तालात पावले टाकणारी जवानांची तुकडी दिसली की आपली मान ताठ होते. परंतु त्या गणवेशाच्या आत एक मनही असते, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज त्याविषयीच थोडे सांगावयाचे आहे.

केंद्रात दाखल होणारा रंगरूट वयाने आम्हा विद्यार्थ्यांहून फारसा मोठा नसतो. तो घर, शेत, मित्र मागे टाकून येतो. पहाटे उठणे, धावणे, कवायत, नेमबाजी, शस्त्राची निगा अशा अखंड कार्यक्रमात त्याचा दिवस सरतो. शिकविणाऱ्यास तो 'उस्ताद' म्हणतो आणि लंगरात सोबत्यांसह एका पंगतीला जेवतो. शिक्षण पुरे झाले म्हणजे कसम परेडमध्ये राष्ट्रध्वजाच्या साक्षीने शपथ घेतो. १९१८ साली मेसोपोटेमियातील शर्कत येथे मराठा जवान लढले, त्यांची स्मृती तेथे जपलेली आहे. १६७० मध्ये कोंढाणा सर झाला, त्याची आठवण म्हणून ४ फेब्रुवारी हा दिवस रेजिमेंट 'मराठा दिन' म्हणून पाळते.

या परंपरा केवळ शोभेसाठी नाहीत. अनोळखी माणसांना एकमेकांशी बांधणे हे त्यांचे खरे कार्य होय. सैन्यात दोन जवानांची जोडी लावून देतात. जोडीदारास 'बडी' असे म्हणतात. एक पुढे सरकतो तेव्हा दुसरा त्याला आड देतो. एक झोपतो तेव्हा दुसरा जागतो. 'बडा खाना' या प्रसंगी अधिकारी व जवान एकत्र जेवतात, आणि सैनिक संमेलनात जवानाला आपली अडचण वरिष्ठांसमोर मांडता येते.

असे असूनही काही जवान शत्रूच्या गोळीने नव्हे, तर आत्महत्येने आपल्यातून जातात. हे दुःख कोणा एका कारणाने घडत नाही. दूरच्या ठाण्यावरील एकाकीपणा, अपुरी झोप, गावाकडील जमिनीचा तंटा, कर्ज, घरातील कलह, मनाचा आजार अशी अनेक ओझी एकत्र येतात. त्यात शौर्याच्या शिकवणीचा एक चुकीचा अर्थ भर घालतो. 'मी खचलो आहे' असे म्हणणे म्हणजे भित्रेपणा, असे जवानाला वाटू लागते. वास्तविक पाय मुरगळला तर तो निःसंकोच डॉक्टरकडे जातो. मग मन दुखावले असता लपवावे का?

आता या बाबतीत पावले पडू लागली आहेत. टपालाने किंवा गाडीने जाण्याची वाट न पाहता दूरध्वनीवरच मानसिक आधार मिळावा म्हणून २०२२ साली 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा सुरू झाली. सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ रोजी उघडण्यात आला. जवान सीमेवर असता क्वार्टरमध्ये राहणाऱ्या त्याच्या पत्नीचा व मुलांचा भारही हलका व्हावा, यासाठी सैनिकपत्नींची 'आवा' ही संस्था १९६६ पासून काम करीत आहे. कायद्याची दृष्टीही बदलली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणाऱ्यास तीव्र ताणाखाली असलेला मनुष्य मानले आहे आणि त्याची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे.

तथापि पहिली राखण जोडीदाराचीच. नेहमी हसणारा सोबती गप्प झाला, जेवण-झोप सुटली, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागला, 'आता माझा उपयोग काय' असे बोलू लागला, तर ते थट्टेवारी नेऊ नये. जीव देण्याचा विचार मनात येतो काय, हे त्याला आपुलकीने, पण सरळ विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत खोटी आहे. उलट विचारणारा भेटल्याने मन मोकळे होते. उपदेश न करता ऐकावे, त्याला एकटे सोडू नये, धोक्याच्या वस्तू दूर ठेवाव्यात आणि वरिष्ठांना व डॉक्टरांना त्वरित कळवावे. हे गुपित राखण्याचे वचन मात्र कधीही देऊ नये.

हीच रीत शाळेलाही लागू आहे. परीक्षेच्या निकालाने वा घरच्या चिंतेने आपल्या बाकावरचा मित्र खचला असेल, तर आपण त्याचे 'बडी' व्हावे आणि गुरुजनांना किंवा पालकांना सांगावे. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक सर्वांसाठी आहे. तो विनामूल्य असून रात्रंदिवस चालतो, आणि त्यावर मराठीत व कानडीतही बोलता येते.

पहाऱ्यावरचा जवान संकट दिसताच सोबत्याला हाक मारतो, आणि त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. मनावर संकट आले असता मारलेली हाकही तितकीच शूरपणाची असते. ती ऐकण्यासाठी आपले कान मात्र जागे हवेत.