आधी काय, मग काय

स्वमग्न मुलावर तोंडी सूचनांची सरबत्ती केली की ते गोंधळते. तीच गोष्ट डोळ्यांना दिसली की बऱ्याचदा चटकन उमगते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी १९७२ मध्ये उभारलेला ‘टीच’ कार्यक्रम यावरच बेतला आहे. टेबलाच्या डाव्या बाजूला करायचे काम, उजवीकडे झालेल्या कामाची टोपली. किती उरले, कधी संपणार, हे विचारावेच लागत नाही. भिंतीवर दिवसभराचा चित्रतक्ता: प्रार्थना, गणित, डबा, झोका. मात्र सगळ्यांना एकच छापील तक्ता लावून भागत नाही. वाचता येणाऱ्याला शब्दांची यादी पुरते. एखाद्या लहानग्याला चित्रही कळत नाही, त्याच्या हातात जेवणाआधी चमचाच द्यावा लागतो. आणि ट्यूबलाइटची गुणगुण असह्य होत असेल, तर धड्याआधी मुलाची जागा बदलावी.