आर्किटेक्चर का शिकायचे: समज आणि वस्तुस्थिती

बारावीनंतर आर्किटेक्चर निवडण्याचे सर्वांत जास्त ऐकू येणारे कारण म्हणजे ‘चित्रकला चांगली आहे’. या समजाला थोडा इतिहास आहे. मुंबईत हे शिक्षण १८५७ साली स्थापन झालेल्या सर जे. जे. कलाशाळेतच सुरू झाले, तेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ड्राफ्ट्समन घडवणाऱ्या वर्गातून. आजही नाटा या प्रवेशपरीक्षेत रेखाटन तपासले जाते. तरी बी.आर्क. हा चित्रकलेचा अभ्यासक्रम नव्हे. इथले रेखाटन म्हणजे जे अजून बांधलेलेच नाही, ते मापात दाखवणे. पायरी किती उंच, पॅसेज किती रुंद, दुपारचे ऊन खोलीत कुठवर येणार, हे प्लॅन आणि सेक्शनमध्ये ठरते. हात सुबक नसला तरी हे शिकता येते. जिनाच चुकीच्या जागी पडला असेल, तर देखणे चित्र काही कामाचे नाही.

गणित नको म्हणून इकडे येणाऱ्यांची तर सुरुवातीलाच अडचण होते: बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असल्याशिवाय प्रवेश नाही. याउलट, हे सिव्हिल इंजिनिअरिंगचेच सोपे रूप आहे असे मानणारे पालकही कमी नाहीत. खांब, तुळया आणि पाया किती भार पेलतील याचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअर करतो. ते खांब कुठे यावेत, माणसे कुठून आत शिरतील, वारा कुठून खेळेल, पावसाचे पाणी कुठे जाईल, याचा विचार आर्किटेक्टकडे असतो. त्यासाठी त्यालाही संरचना, बांधकाम साहित्य, पाणीपुरवठा आणि वीज यांचे शिक्षण घ्यावेच लागते.

पाच वर्षांच्या या अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे डिझाइन स्टुडिओ. एखादी शाळा, दवाखाना किंवा मंडई असा विषय दिला जातो. विद्यार्थी जागा पाहतात, मोजमापे घेतात, तिथे वावरणाऱ्यांशी बोलतात, मग आराखडे आणि मॉडेल तयार करून ज्युरीपुढे मांडतात. एकाच जागेवर चाळीस विद्यार्थ्यांची चाळीस उत्तरे निघतात आणि त्यांतली बरीच ग्राह्य असतात. बारावीपर्यंत एकच बरोबर उत्तर शोधायची सवय लागलेल्यांना नेमके हेच जड जाते. ज्युरीने खोडलेली कल्पना पुन्हा नव्याने मांडण्यात ज्यांना रस वाटतो, त्यांच्याकडे हे शिक्षण निवडायला चित्रकलेपेक्षा भक्कम कारण आहे. शेवटच्या वर्षांत किमान एक सत्र प्रत्यक्ष कार्यालयात काम करावे लागते आणि तिथे कल्पनेची गाठ बजेटशी आणि बांधकाम नियमांशी पडते.

पदवी म्हणजे दिशांवरून शुभाशुभ सांगण्याची विद्या, हा आणखी एक घोटाळा. दिशा शिकवल्या जातात, पण त्या ऊन आणि वारा समजून घेण्यासाठी. पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी दिली तर उन्हाळ्यात संध्याकाळी खोली तापते, हा तिथला धडा.

आर्किटेक्ट लागतो तो बंगले बांधणाऱ्या श्रीमंतांना, ही समजूत मात्र फार खोल रुजली आहे. पुण्यात जन्मलेले आणि जे. जे.मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत अल्प उत्पन्न गटाला मध्यभागी ठेवून सुमारे ६,५०० घरांची आखणी केली. सर्वांत गरीब कुटुंबांना जोते, शौचालय आणि नळ-विजेची सोय असलेला भूखंड मिळाला. पैसे जमतील तसे त्यांनी स्वतः घर वाढवायचे होते. अपुरे घर मुद्दाम आखणे हे पूर्ण घर आखण्याहून अवघड काम आहे. या वसाहतीला १९९५ साली आगा खान पुरस्कार मिळाला, तर दोशींना २०१८ साली प्रित्झकर पुरस्कार.

पदवी हाती आली की माणूस आर्किटेक्ट झाला, हेही अर्धसत्य. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय ही उपाधी नावापुढे लावता येत नाही. हा कायदा उपाधी राखतो, इमारतीचे डिझाइन करण्याचे काम नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. शिवाय नोंदणी केलेला प्रत्येक जण इमारतीच आखतो असेही नाही. नगररचना, जुन्या वास्तूंचे जतन, उद्यानरचना आणि चित्रपटांचे नेपथ्य या वाटाही याच पदवीतून फुटतात. त्यांतल्या काहींसाठी पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागते.