जुन्या ट्रॅक्टरचा तेलदाब : काट्याचा अर्थ कसा लावावा

वैशाखातील नांगरटीच्या दिवसांत एक प्रसंग पुष्कळ ठिकाणी घडतो. सकाळी जुना ट्रॅक्टर सुरू करताच तेलदाबमापकाचा काटा ६० पौंडांच्या पुढे जातो. दुपारी काळ्या जमिनीत दोन-तीन तास नांगर ओढल्यावर ट्रॅक्टर बांधाशी मंद गतीवर उभा केला की तोच काटा १५ पौंडांवर येतो. मालक घाबरतो आणि इंजिन उघडण्याची तयारी करतो. याच्या उलट, दुसऱ्या एखाद्या ट्रॅक्टरचा काटा दोन हंगाम हळूहळू खाली येत असतो. परंतु काटा अजून हलतो आहे एवढ्यावरच चालक समाधान मानतो, आणि ऐन पेरणीत बेअरिंग जळून इंजिन बंद पडते. पहिल्याचा खर्च अनाठायी, तर दुसऱ्याचे नुकसान टाळता येण्याजोगे असते. काट्यावरील आकड्याचा अर्थ नीट न कळल्यानेच हे दोन्ही घडते.

दाब कशामुळे निर्माण होतो ?

इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमधून दातेरी चक्रांचा पंप तेल ओढतो व ते फिल्टरमधून मुख्य नलिकेत पाठवितो. पंपाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर ठरावीक तेल पुढे ढकलले जाते. हे तेल क्रँकशाफ्ट व बेअरिंग यांमधील अरुंद फटीतून बाहेर पडून पुन्हा चेंबरमध्ये येते. रबरी नळीचे तोंड अंगठ्याने दाबले असता पाणी जसे जोराने उडते, तसाच या अरुंद वाटेमुळे नलिकेत दाब निर्माण होतो. म्हणजेच काटा तेलाचे प्रमाण दाखवीत नाही. तेलाच्या वाटेत किती अडथळा आहे हे दाखवितो.

हा अडथळा तेलाच्या दाटपणावर अवलंबून असतो. एस. ए. ई. ३० प्रतीचे तेल ४० अंश सेंटिग्रेडला जितके दाट असते, त्याच्या सुमारे आठ ते दहा पट पातळ ते १०० अंशांना होते. सकाळचा व दुपारचा आकडा निरनिराळा येण्याचे हेच मुख्य कारण होय. इंजिनाची गती कमी झाली की पंपही कमी तेल पाठवितो, त्यामुळे मंद गतीवर काटा आणखी खाली येतो.

अडथळ्याचे दुसरे कारण म्हणजे फटीची रुंदी. चांगल्या इंजिनात ही फट एका मिलिमीटरच्या शतांशांत मोजण्याइतकी लहान असते. बेअरिंग झिजून फट दुप्पट झाली, तर त्याच दाबाखाली तीमधून गळणारे तेल सुमारे आठपट होते. म्हणून थोडी झीजही काट्यावर उमटते.

शाफ्टला कोण तोलते ?

पंपाच्या दाबावरच शाफ्ट तोलला जातो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. इंग्लंडमध्ये १८८३ साली बोशाँ टॉवर यांनी बेअरिंगवर प्रयोग केले, तेव्हा बेअरिंगच्या माथ्यावरील छिद्रात बसविलेली खुंटी आतील तेलाने बाहेर ढकलून दिली. फिरता शाफ्ट स्वतःच तेल निमुळत्या फटीत ओढून घेतो व तेथे मोठा दाब निर्माण करतो, असे यावरून दिसून आले. ऑसबर्न रेनल्ड्स यांनी १८८६ साली त्यामागील गणित मांडले. ही तेलाची पापुद्र्यासारखी थर-गादीच शाफ्टला तोलून धरते. त्या गादीला अखंड तेल पुरविणे, एवढेच पंपाचे काम असते. गरम इंजिन मंद गतीवर असता त्यावर भारही थोडाच असतो, म्हणून तेथे कमी दाब चालू शकतो. पूर्ण भारावर मात्र तो चालत नाही.

आकडे कसे वाचावे ?

ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेतील आकडा नेहमी प्रमाण मानावा. पुस्तिका हाती नसल्यास, गरम इंजिन पूर्ण कामाच्या गतीवर असता जुन्या अनेक ट्रॅक्टरांत दर चौरस इंचास ३० ते ६० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास सुमारे २.१ ते ४.२ किलोग्रॅम दाब असतो, हे ध्यानात ठेवावे. मिनिटास दर हजार फेऱ्यांमागे निदान १० पौंड असावेत, असा मिस्त्रींचा स्थूल आडाखा आहे.

एकट्या आकड्यापेक्षा त्यात पडलेला फरक अधिक बोलका असतो.

१. इंजिन सुरू केल्यावर काही क्षणांत काटा वर न आल्यास, किंवा चालू कामात तो एकाएकी शून्यावर आल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. बांधापर्यंत नेण्याचाही मोह धरू नये.

२. चढावर किंवा वळणावर काटा थरथरत असल्यास तेलाची पातळी कमी होऊन पंप हवा ओढीत असण्याचा संभव असतो.

३. दाब कमी होत असून पट्टीवर तेलाची पातळी मात्र वाढत असल्यास तेलात डिझेल मिसळत आहे असे समजावे. तेलाला डिझेलचा वास येतो. तेल दुधट दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे.

४. गरम इंजिनातही दाब नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक राहत असल्यास रिलीफ व्हॉल्व्ह अडकला असेल किंवा पुढील वाट तुंबली असेल. अधिक दाब म्हणजे अधिक तेल असे नव्हे.

५. दाब हंगामागून हंगाम हळूहळू उतरत असल्यास बेअरिंगची किंवा पंपाची झीज संभवते.

इंजिन उघडण्यापूर्वी

प्रथम तेलाची पातळी, प्रत व वय पाहावे. नंतर मापकाचीच परीक्षा करावी. जुन्या मापकाची बारीक नळी गाळाने तुंबते व काटा खोटा आकडा दाखवितो. त्याच्या जागी खात्रीचा मापक जोडून, इंजिन गरम करून पुन्हा वाचन घ्यावे. त्यानंतर रिलीफ व्हॉल्व्ह व चेंबरमधील जाळी तपासावी. येथवर दोष न सापडल्यासच बेअरिंगकडे वळावे.

दाब वाढविण्यासाठी वाजवीपेक्षा दाट तेल घालणे किंवा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर बसविणे, हे उपाय सर्रास केले जातात. त्यांनी काटा वर येतो, झीज मात्र तशीच राहते. शिवाय दाट तेल थंडीच्या सकाळी बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते. ताप तसाच ठेवून तापमापक बदलावा, तसाच हा प्रकार होय.

शेतकरी बंधूंनी एक लहान वही ट्रॅक्टरजवळ ठेवावी. दर पंधरवड्यास तीन आकडे तीत लिहावे : थंड इंजिन सुरू होताच, गरम इंजिन मंद गतीवर असताना आणि गरम इंजिन कामाच्या गतीवर असताना. शेजारी कामाचे एकूण तास व तेल बदलल्याची तारीख नोंदवावी. दोन हंगामांच्या अशा नोंदी हाती असल्या, म्हणजे दुपारी उतरलेल्या काट्याची धास्ती वाटणार नाही, आणि खरी झीज सुरू झाल्यास ती पेरणीपूर्वीच्या रिकाम्या दिवसांत दुरुस्त करून घेता येईल.