तारीख नको, कक्षा-क्रमांक टाका!

एन्व्हिसॅट या युरोपीय उपग्रहावरच्या स्कियामाकी उपकरणाने २००२ ते २०१२ अशी दहा वर्षं वातावरणातला ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड, मिथेन मोजला. त्याच्या नियोजित मोजणीच्या नोंदी चाळायच्या असतील, तर माझा आग्रह आहे: कक्षा-क्रमांकाने, म्हणजे उपग्रहाच्या फेरीच्या क्रमांकाने शोधा.

उपग्रहाची एक फेरी साधारण १०० मिनिटांची, म्हणजे दिवसाला चौदा-पंधरा. मध्यरात्री तारीख बदलते, फेरी मात्र चालूच असते. ती सुरू होते विषुववृत्त दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडताना, आणि मोजणीचं नियोजनही त्याच हिशेबाने व्हायचं.

आता एकाच फेरीची यादी उघडा. सूर्य उगवताना त्याच्याकडे रोखलेली मोजणी, मग उजेडाच्या बाजूला आलटून पालटून दोन प्रकार: एकदा पुढच्या क्षितिजाकडे तिरकी नजर, एकदा थेट खाली. सुंदर भाग असा, की क्षितिजापाशी पाहिलेलीच हवा सुमारे सात मिनिटांनी उपग्रहाच्या बरोबर खाली येते! या जोड्या यादीत ओळखता आल्या की खरी मजा.

त्याच जागेवरून पुन्हा गेलेली फेरी हवी? क्रमांकात ५०१ मिळवा. ३५ दिवसांनी मार्ग तोच. ऑक्टोबर २०१० मध्ये कक्षा खाली आणली, त्यानंतर मात्र ४३१ फेऱ्या आणि ३० दिवस.

आणि नियोजित म्हणजे झालेलीच मोजणी नव्हे. अवरक्त शोधकांवर बर्फ साचायचा, तो घालवायला उपकरण तापवावं लागे. म्हणून प्रत्यक्ष विदा आहे का, हे त्याच क्रमांकाने ताडून पाहा.