घुमट वाट का चुकतो?

घरच्या वेधशाळेचा घुमट मोटारीवर फिरू लागला की एक तक्रार हमखास येते. संध्याकाळी घुमटाची फट दुर्बिणीसमोर असते; मध्यरात्री दुर्बीण घुमटाच्या आतल्या पत्र्याकडे पाहत बसते. पावसाळ्यानंतरची निरभ्र रात्र हातची जाते. पण लगेच सेन्सर बदलू नका. आम्हा डॉक्टरांना औषधाआधी हकीगत लागते.

घुमटाला टेकलेल्या चाकाचे फेरे एन्कोडर मोजतो आणि ठरावीक जागी बसवलेला लोहचुंबक सेन्सरसमोर आला की मूळस्थान कळते. घुमट एकाच दिशेने दहा वेळा पूर्ण फिरवा. दर वेळी मूळस्थानी आलेला आकडा वहीत लिहा. फरक दर फेरीला सारखाच पडत असेल, तर एका फेरीचे माप चुकीचे भरले आहे. कमीजास्त होत असेल, तर बहुधा चाक घसरते, दव पडल्यावर विशेषच. स्प्रिंगचा दाब पाहा. तीन मीटर व्यासाच्या घुमटाच्या कडेवर अडीच सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ एक अंश! फरक फक्त दिशा उलटल्यावर दिसत असेल, तर मूळस्थान नेहमी एकाच बाजूने गाठा. चुंबकाच्या दोन कडा दोन वेगळे आकडे देतात. आणि नवा चुंबक लावूनही मूळस्थान सापडतच नसेल, तर तो पालथा करून पाहा. बरेच हॉल सेन्सर एकाच ध्रुवाला ओळख देतात.