शेत नसलेल्या मुलांचा शेतीक्लब

आता अमेरिकेतला 'फोर-एच' घ्या. डोकं, हृदय, हात, आरोग्य, या चार शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. १९०२ साली ओहायोत ए. बी. ग्रॅहम यांनी मुलांचा असा क्लब काढला. कृषी महाविद्यालयाचं नवं तंत्र बाप सहसा मानत नसे. पोरानं मका पिकवून दाखवला की मानायचा.

उपनगरातल्या मुलाला पटवायला शेतकरी बापच नाही! तरी तो ससा पाळतो, खाद्याचा खर्च वहीत लिहितो, जत्रेत परीक्षकाला उत्तरं देतो. मला विचाराल तर खरं शिक्षण त्या वहीत आहे.

काही मुलं दुसऱ्याच्या गोठ्यात कोकरू वाढवतात. जत्रेत त्याचा लिलाव होतो, पुढे बहुधा कत्तलखाना. शेतकऱ्याच्या पोराला हे लहानपणापासून दिसत असतं. याला ते लिलावाच्या आधी सांगायला हवं, आणि सांगून त्याचा नकार आला तर तोही ऐकायला हवा.